कपाटातला पीएच मीटर

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची! पण विषय माझ्या आजीचा आहे आणि आजी इंग्लिश वाचत नाही, म्हणून हा मराठीचा खटाटोप.

मागच्या दिवाळीत साताऱ्याजवळ आमच्या गावी गेले होते. एक फिल्टरवाला दारात आला. त्याने आमच्या बोअरच्या पाण्यात टीडीएसचं पेन बुडवलं. आकडा आला ७२०. मग दोन ग्लास मांडले, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. दोन्हींत सळ्यांचं एक यंत्र बुडवून करंट दिला. दोन मिनिटांत आमचा ग्लास चॉकलेटी, त्याचा मात्र स्वच्छ! आजी घाबरलीच. "इतकी वर्षं हे पाणी पोरांना पाजलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना गं, खरं का हे?"

मी गप्प. एफईला केमिस्ट्रीत ७८ मार्क मिळवलेली मी! आजीने पेन्शनमधून दोन हजार ॲडव्हान्स देऊन टाकला.

होस्टेलवर परतल्यावर पुस्तकं उघडली तेव्हा कळलं. त्यातल्या काही सळ्या लोखंडाच्या असतात. क्षार असलेल्या पाण्यातून करंट जातो, लोखंड झिजतं आणि त्याचाच गाळ दिसतो. म्हणजे ती घाण पाण्यातली नव्हतीच, सळीतली होती! आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तो ग्लास स्वच्छ. त्यात चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तोही चॉकलेटी झाला असता. एक चिमूट मीठ, बस्स!

आणि ते पेन? ते फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्याला साधारण ०.५ ते ०.७ ने गुणून टीडीएस दाखवतं. आयएस १०५०० या मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही टीडीएसची स्वीकार्य मर्यादा आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. उलट यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइडचा त्रास आहे. त्याची मर्यादा फक्त १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. दोन-तीन मिलिग्रॅमचा फरक या पेनला कळणारच नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत.

मग हे आपल्याला का माहीत नव्हतं? आठवा एफईचं पहिलं प्रॅक्टिकल, ईडीटीएने पाण्याचा कठीणपणा. वाइन रेडचं निळं झालं की रीडिंग घ्यायचं. माझं रीडिंग बॅचपेक्षा वेगळं आलं, तर सल्ला मिळाला, "बॅचचंच लिही." ड्रॉइंगला जीटी मारतो तसंच जर्नलही छापलं. पीएच मीटर कपाटात कुलूपबंद, कारण "फुटला तर कोण भरणार?" खरं तर त्याचा काचेचा बल्ब केसीएलच्या द्रावणात ओला ठेवावा लागतो. कपाटात सुकून तो न फुटताच बिघडतो. म्हणजे वाचवलं काय आपण?

माझं म्हणणं एवढंच. एक, प्रत्येक ग्रुपने पाणी आपल्या घरचं आणावं. दोन, पीएच ४, ७ आणि ९.२ च्या बफरने मीटर आपणच कॅलिब्रेट करावा. मीटरही चुकतो हे तेव्हाच कळतं. तीन, जर्नलमध्ये आलेलंच रीडिंग लिहावं आणि ते वेगळं का आलं, हे सांगण्याला मार्क असावेत.

तुटफूट होईल, मान्य. पण ब्युरेट फुटते तेव्हा आपण पैसे भरतोच की! २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावागावात पाच जणींना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं. गावातल्या काकूंच्या हातात किट देता येतं, मग आपल्या हातात मीटर द्यायला काय हरकत आहे?

या दिवाळीत मी गावाहून फराळाच्या डब्याबरोबर बोअरच्या पाण्याची बाटली आणणार आहे. आजीला यावेळी उत्तर द्यायचंय. तोपर्यंत त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, ते कोणी सांगेल का?