‘नाव नंतर करू’: सेकंड हँड हायब्रीड गाडी, वाढता विमा आणि आपली पोरं

गेल्या पावसाळ्यात पिंपरीच्या एका वस्तीतला तरुण मला भेटायला आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गाडीचे कागद. बहिणीकडून उसने आणि पतसंस्थेचे कर्ज काढून त्याने आठ वर्षे जुनी, सात सीटची गाडी घेतली होती. मागच्या बाजूला ‘हायब्रीड’ असे लिहिलेली. चार महिन्यांत नाल्याचे पाणी वस्तीत शिरले, गाडी बुडाली, इंजिन गेले. विमा कंपनीने क्लेम नाकारला, कारण आरसी आणि पॉलिसी दोन्ही आधीच्या मालकाच्या नावावर.

मी विचारले, नाव का बदलून घेतले नाहीस? तो म्हणाला, “ताई, एजंट म्हणाला पॉलिसी अजून सहा महिने आहे. नाव बदललं की प्रीमियम वाढतो, नंतर करू.”

एजंट अर्धे खरे बोलला होता. प्रीमियम वाढतोच. न सांगितलेल्या अर्ध्या भागात मात्र त्या घराची सगळी पुंजी बुडाली. आपल्या वस्त्यांमधली अनेक मुले आज ड्रायव्हिंगवर घर चालवतात आणि स्वतःची पहिली गाडी म्हणून सेकंड हँडच घेतात. म्हणून हा हिशेब नीट मांडायला हवा.

प्रीमियम का वाढतो?

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार हा सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये, पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. याचे दर सरकार ठरवते. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारसाठी हा दर २०१८ मध्ये २,८६३ रुपये होता, २०१९ मध्ये ३,२२१ झाला आणि जून २०२२ पासून ३,४१६. २०२२ च्याच अधिसूचनेत हायब्रीड वाहनांना साडेसात टक्के सूट दिली. ऐकायला बरे वाटते, पण वरच्या दरावर ती वर्षाला २५६ रुपये होते.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान. २००७ पासून याचे दर कंपन्यांसाठी खुले झाले. खरी वाढ इथे बसते. सेन्सर, कॅमेरे, हायब्रीडचे इलेक्ट्रिकल भाग यांची दुरुस्ती महाग, म्हणून विमाही महाग. सेकंड हँड घेणाऱ्याला आणखी एक फटका असतो. नो क्लेम बोनसची सूट ५० टक्क्यांपर्यंत जाते, पण ती गाडीची नसून मालकाची असते. जुन्या मालकाला ५० टक्के सूट मिळत असेल, तर नव्या मालकाची सुरुवात शून्यापासून. तीच गाडी, तोच रस्ता, आणि या भागाचा प्रीमियम थेट दुप्पट!

वरून १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. कायद्याने सक्तीचा असलेला वाहन विमा मात्र त्या सवलतीतून बाहेरच राहिला.

‘हायब्रीड’ म्हणजे नेमके काय?

या शब्दाखाली दोन वेगळ्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रीडमध्ये छोटी मोटर इंजिनला फक्त मदत करते. गाडी बॅटरीवर चालत नाही. स्ट्राँग हायब्रीड काही अंतर केवळ बॅटरीवर चालू शकते आणि खरी इंधन बचत तिथे होते. ग्रँड विटारासारख्या एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार येतात. कंपनीचा दावा स्ट्राँगसाठी लिटरला सुमारे २८ किलोमीटर, तर माइल्डसाठी सुमारे २१. त्या तरुणाची गाडी माइल्ड होती आणि भाव मात्र ‘हायब्रीड’चा लावला होता.

बचतीचा हिशेब सोपा आहे. रस्त्यावर स्ट्राँग हायब्रीडने २० आणि साध्या पेट्रोल गाडीने १४ चे ॲव्हरेज दिले असे धरू. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले, तर महिन्याला १,५०० किलोमीटर चालवणाऱ्याचे सुमारे ३,२०० रुपये वाचतात. पण ४०० किलोमीटरच चालवणाऱ्याचे जेमतेम ८५० रुपये. कमी चालणाऱ्या गाडीत ही बचत वाढीव किमतीत आणि प्रीमियममध्येच जिरून जाते.

बॅटरीचेही लक्षात ठेवा. वय झाल्याने बॅटरी उतरली, तर विमा काहीच देत नाही. अपघातात ती बदलावी लागली, तर साध्या पॉलिसीत बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो. त्यामुळे कंपनीची बॅटरी वॉरंटी किती उरली आहे आणि ती नव्या मालकाला लागू होते का, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यावे.

नाव न बदलण्याची किंमत

गाडी विकली गेली की थर्ड पार्टी विमा कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. त्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते. ओन डॅमेज मात्र आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ खटल्यात स्पष्ट केले. आपल्या तरुणाचा क्लेम इथेच अडकला. विकणाराही सुटत नाही. २०१८ च्या ‘नवीन कुमार’ निकालानुसार अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. गाडी तीन हात फिरली असली तरी.

तिसरी चूक पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवण्याची. टॅक्सीचा थर्ड पार्टी दर याच सीसी गटात ७,९४० रुपये आणि त्यावर प्रत्येक प्रवाशामागे वेगळी रक्कम आहे. हा खर्च वाचवायला खासगी पॉलिसीवर भाडे मारले जाते. अपघात झाला की पॉलिसीची अट मोडली म्हणून सगळा बोजा चालक-मालकावर येतो.

जोखीम कुणाच्या डोक्यावर?

समाजशास्त्रज्ञ उलरिख बेक यांनी १९८६ मध्ये मांडले होते की संपत्ती वर साठते आणि जोखीम खाली साचते. वस्तीतली सेकंड हँड गाडी हे त्याचे रोजचे उदाहरण. नवी गाडी घेणाऱ्याकडे वॉरंटी असते, झिरो डेप्रिसिएशन असते. जुनी घेणाऱ्याला जास्त प्रीमियम, कमी संरक्षण, आणि पार्किंग नाल्याकाठी.

विमा ही केवळ बाजारातली वस्तू नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी ओळखले होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा असावा, असे सुचवले. खासगी कंपनीपेक्षा राज्याची हमी माणसाला जास्त सुरक्षा देते, हा त्यामागचा विचार. १९७३ मध्ये सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, २००० पासून तो पुन्हा खासगी कंपन्यांना खुला झाला. बाबासाहेबांची मांडणी आयुर्विम्याच्या संदर्भात होती, हे खरे. पण त्यातला प्रश्न आजही तसाच आहे: राज्य विमा सक्तीचा करते, तर तो परवडण्याची जबाबदारी कुणाची? सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यावरचा जीएसटी हटवा, उपजीविकेसाठी एकच गाडी असलेल्या चालकाला सवलतीचा दर द्या, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. शिष्यवृत्ती आणि जात प्रमाणपत्राची शिबिरे आपण घेतोच. त्याच टेबलावर गाडीचे कागदही तपासू. आरसीवर नाव कुणाचे, इंधनाचा प्रकार काय लिहिला आहे, कर्जाचा बोजा उतरला का, फॉर्म २९ आणि ३० भरले का, पॉलिसी कुणाच्या नावावर आहे. एका गाडीला दहा मिनिटे लागतात.

त्या तरुणाची गाडी अखेर भंगारात गेली. पतसंस्थेचा हप्ता अजून चालू आहे आणि तो आता दुसऱ्याची गाडी चालवतो. मागच्या महिन्यात तो मित्राला घेऊन आला होता. मित्राला सेकंड हँड गाडी घ्यायची होती. टोकन देण्याआधी दोघे कागद दाखवायला आले होते.