ॲडजस्ट नेमकं कोणी करायचं?

3 डिसेंबर आला की ऑफिसात दिव्यांग कर्मचाऱ्याला गुलाबाचं फूल, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो. 4 तारखेला त्याच माणसाने "माझं टेबल तळमजल्यावर द्या" म्हटलं, की साहेबांचं ठरलेलं उत्तर : "जरा ॲडजस्ट करून घ्या हो!"

या 'ॲडजस्ट'ची मला चीड येते. कारण कायदा नेमकं उलटं सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 प्रमाणे वाजवी सोयी देणं सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही.

खासगीवाले सुटले असं समजू नका. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील, तर दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार हे समान संधी धोरणात लिहून जाहीर करावं लागतं. तुमच्या कंपनीत ते कुठे लावलंय? शोधून दाखवा.

"खर्च कोण करणार?" अहो, झेपणार नाही इतका बोजा कायदाही टाकत नाही. टेबल खाली आणायला दोन माणसं पुरतात. अंधांना स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शिफ्ट तासभर पुढे सरकवायला तर रुपयाही लागत नाही.

म्हणून विनवण्या बंद करा. मागणी लेखी द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे तक्रार करा.

शाल नको साहेब, रॅम्प द्या.