हाडवैराची सबब

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत भटक्या कुत्र्यांनी मांजर गाठले, की पाहणारे 'जन्माचेच वैर' म्हणून वाटेला लागतात. आम्हांस हे वाक्य मान्य नाही. शाश्वत विरोध असणाऱ्यांच्या समासासाठी पाणिनीने सूत्र केले, वैयाकरणांनी अहिनकुल, मार्जारमूषक अशी उदाहरणे दिली; तेथे वैर हा व्याकरणाचा विषय होता, येथे ती सबब झाली आहे.

कुत्र्याला पळणारे काही दिसले की तो पाठलाग करतो, धरतो, झटकतो. यात वैर कुठले? पिलांपासून एकत्र वाढलेली कुत्री-मांजरे एकाच गोणपाटावर निजतात!

सुटलेले मांजर 'वाचले' असे समजणे तर निव्वळ बेपर्वाई. कातडीवर दातांची दोन छिद्रे दिसतात. आत स्नायू फाटलेले, बरगड्या मोडलेल्या, कधी श्वासपटलही फुटलेले, आणि जखमेत लाळेतले जंतू. ते कोपऱ्यात गप्प बसते, लोक त्याला शांत झाले म्हणतात. त्याच दिवशी खोक्यात घालून पशुवैद्याकडे न्यायला वैर आड येत नाही, आळस येतो. उचलताना जाड टॉवेल घ्यावा. भेदरलेले मांजर चावते, आणि चावलेच तर जखम साबणाने धुऊन रेबीजच्या लशीसाठी आपणही दवाखाना गाठावा.