कलेचे कसले पैसे घेता?

दिवाळी संपत आली की पुण्यातले माझे एक सुशिक्षित स्नेही मला न चुकता एक प्रश्न विचारतात, "काय मास्तर, संगीताच्या दृष्टीनं यंदाचं वर्ष कसं गेलं?" या गृहस्थांना जॅझची आवड आहे. म्हणजे त्यांच्याकडे तबकड्या आहेत. दरवर्षी ते स्वतःची एक यादी करतात. ऐकलेल्यातले उत्तम दहा आणि निराशा करणारे तीन. मी स्वतः सॅक्सोफोन वाजवतो, तेव्हा माझी यादी त्यांच्यापेक्षा लांब असणार, अशी त्यांची समजूत आहे.

आता मी पडलो शिरूरचा. घोडनदी म्हणा हवे तर. जुनी माणसे अजून तेच म्हणतात. घोडनदीचा माणूस जॅझ कुठे वाजवतो, तर वरातीत. आमचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, पाडव्यालाही नाही. ते तुळशीच्या लग्नाला सुरू होते आणि आषाढी एकादशीला देव झोपले की आम्हीही झोपतो. मध्ये गणपती-नवरात्रात काय कूस बदलू तेवढीच. अधिक महिना म्हणजे काय, हे ज्योतिषापेक्षा बँडवाल्याला जास्त कळते. २०१८ साली अधिक ज्येष्ठ आला आणि ऐन मे महिन्यातल्या तिथी गिळून बसला. २०२३ साली अधिक श्रावण आला. श्रावणात तसाही धंदा नसतो, तेव्हा देवाने त्या वर्षी पाठीवर मारले, पोटावर नाही. २०२१ च्या एप्रिलात तर सरकारनेच लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास ठरवून दिले होते. आमचा बँडच सोळा जणांचा! उरलेल्या नऊ जणांत नवरा, नवरी आणि भटजी बसवायचे.

तर यंदाची यादी. आधी निराशा सांगतो, कारण ती मोजायला सोपी आहे.

दौंडला एका बड्या घरची वरात होती. आम्ही टेम्पो भरून न्हावरा, चौफुला, पाटस करत निघालो. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे दीड तास गेला. पोचल्यावर चार तास वाजवले. शेवटी हिशेबाला उभा राहिलो तर यजमान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, काय वाजवलंत! अंगावर काटा आला. आता कलेचे कसले पैसे घेता? जेवून जा, बाकीचं बघू नंतर."

वाचकहो, माझे भांडण आहे ते या एका वाक्याशी. त्या मांडवात आचारी होता. 'स्वयंपाक ही कला आहे' असे सांगून त्याला कोणी वाटेला लावले नाही. मांडववाला होता, फुलवाला होता, फोटोवाला होता. नवरदेवाची घोडी होती. तिला तर चंदी आधी मिळाली, मगच ती हलली. फक्त आमच्याच बाबतीत लोकांना कलेची आठवण होते आणि ती नेमकी हिशेबाच्या वेळी होते. 'हौस' हा शब्द तर मला शिवीसारखा वाटू लागला आहे. "तुम्हाला हौस आहे म्हणून वाजवता," असे लोक म्हणतात. आहे ना! सोनाराला दागिन्याची हौस नसते की काय? तेवढ्यासाठी तुम्ही त्याच्याकडून पाटल्या फुकट आणता का?

निराशा दुसरी. रांजणगावच्या बाजूला एका कारखान्याचे स्नेहभोजन होते. तिथल्या साहेबांना खास जॅझ हवे होते. मी हरखलो. नवी पत्ती लावून गेलो. पहिल्या पाच मिनिटांत निरोप आला, "जरा हळू." मी हळू वाजवले. पुन्हा निरोप आला, "अजून जरा हळू, साहेबांना बोलता येत नाही." शेवटी शेवटी मी नुसता फुंकर घालत उभा होतो. निघताना साहेब म्हणाले, "वा! मुंबईच्या हॉटेलात बसल्यासारखं वाटलं." या गृहस्थांनी पैसे मात्र चोख दिले, म्हणून ही निराशा अर्धीच धरावी.

निराशा तिसरी आमच्याच लोकांनी दिली. आमचे बँडवाले भाऊबंद चहाच्या टपरीवर डीजेच्या नावाने बोटे मोडत बसतात. डीजेने धंदा बुडवला, म्हणतात. मला हे पटत नाही. डीजेवाला काय करतो? भिंतीएवढे कर्णे उतरवण्यापूर्वी पैसे मोजून घेतो. त्याला कोणी 'कलेचे कसले पैसे' म्हणत नाही, कारण त्याच्यावर कलेचा संशय कोणी घेत नाही. आम्ही मात्र सुपारी ठरवताना लाजतो, इसार मागताना खाकरतो आणि 'वा मास्तर' म्हटले की विरघळतो. डीजेने आम्हाला बुडवले ते आवाजाने नव्हे, हिशेबाने.

आणि कोणी म्हणेल, वरातीच्या बँडला जॅझ कसले म्हणता? जॅझ म्हणजे ताजमहाल हॉटेल, काळा कोट, मंद दिवे. बरोबर आहे. १९३५ साली लिऑन ॲबी आपला अमेरिकन बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला, तेव्हापासून आपल्याकडे जॅझ हॉटेलातच राहते असा समज झाला आहे. पण त्याचे माहेर न्यू ऑर्लिन्स. तिथे रस्त्यावर चालता चालता पितळी बँड वाजत. मिरवणुकीत वाजत, मयतीतही वाजत. दफनभूमीकडे जाताना संथ चाल, परतताना उडती. म्हणजे टेम्पोतून उतरून, ओठ फुटेपर्यंत, लोकांच्या पुढे चालत वाजवणारा तो आमचाच भाऊबंद. हॉटेलात तो नंतर गेला.

हे मला शिकवले ते दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या एका गोवेकर अंकलनी. ते रेल्वेत गार्ड होते आणि सॅक्सोफोन अप्रतिम वाजवत. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांची दिशा तेव्हा दौंडला बदलायची. इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. अंकल मला फलाटावर उभे करून म्हणायचे, "बघ बाबा, डबे तेच, रूळ तेच. इंजिन फक्त दुसऱ्या टोकाला लावलं की गाडी नव्या मुलखात जाते. जॅझ म्हणजे एवढंच." याच मार्गावर पुणतांबे लागते, सी. रामचंद्रांचे जन्मगाव. त्यांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रंपेटवाल्याचा बँड पडद्यावर दिसला आणि जॅझ काय हे माहीत नसलेला सगळा महाराष्ट्र त्यावर नाचला. अंकल हे सांगून पुढे म्हणत, "पण बाबा, असल्या वाजवणाऱ्या किती जणांची नावं पाटीवर आली? टाळी ऐकली की आधी खिसा चाचपून बघायचा."

आता यंदाची सुखे. ती दोनच आहेत.

पहिले असे. शेजाऱ्यांनी रियाज बंद पाडल्यामुळे मी संध्याकाळी गावाबाहेर उसाच्या कडेला जाऊन वाजवतो. एक दिवस उसाचा मालक आला. मला वाटले, हाही हाकलणार. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही यायला लागल्यापासनं बिबट्या फिरकला न्हाई बगा. रोज येत जावा." आणि दुसऱ्या दिवशी त्याने पायलीभर बाजरी आणून दिली. न मागता! माझ्या वादनावर इतका स्पष्ट अभिप्राय आजवर कोणी दिला नव्हता. बिबट्या पळवल्याचे मानधन घरपोच येते. नवरदेव मिरवल्याचे मात्र तीन हेलपाटे घालून आणावे लागते.

दुसऱ्याला सुख म्हणावे की नाही, मला अजून ठरवता आलेले नाही. पावसाळ्याच्या तोंडावर अंकल गेले. आदल्याच महिन्यात, खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी बजावले होते, "जाताना हळू वाजव. येताना मात्र रडगाणं नको." त्याप्रमाणे मी जाताना संथ वाजवले. परतताना 'अलबेला'तली एक उडती चाल धरली आणि मध्येच इंजिन दुसऱ्या टोकाला लावले. दोन-चार माणसांनी वळून डोळे वटारले. आंटी मात्र ताल धरून चालत होत्या.

घरी पोचल्यावर आंटींनी एक पाकीट हातात ठेवले. मी मागे सरलो. म्हटले, "आंटी, अंकलचे कसले पैसे घ्यायचे?" वाक्य तोंडातून गेले आणि माझे मलाच ते ओळखीचे वाटले. आंटी म्हणाल्या, "त्यांनी स्वतः ठेवलेत. वाच." पाकिटावर अंकलच्या थरथरत्या अक्षरात लिहिले होते : 'सॅक्सोफोन – पाचशे. टेम्पो – वेगळा.'

मी पैसे घेतले. यंदाच्या वर्षात कोणी माझा याहून मोठा मान केला नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी कार्य निघाले आणि हाताने वाजवणारी माणसे बोलावलीत, तर आमची स्तुती करू नका. अंगावर आलेला काटा आम्हाला दाखवू नका. ठरलेली रक्कम वरात सुटण्यापूर्वी द्या, आणि पाण्याचा एक तांब्या. एवढे केलेत तर आणखी वीस वर्षांनीही तालुक्यात कोणीतरी सॅक्सोफोन वाजवत असेल. नाही केलेत तर दोष डीजेला द्यायला तुम्ही मोकळे आहातच.

गेल्या आठवड्यात दौंडहून एक मुलगा शिकायला आला. बोटे लांब आहेत, छाती चांगली आहे. बरोबर वडील होते. मी फी सांगितली तसे ते हसून म्हणाले, "मास्तर, विद्या ही. विद्येचे कसले पैसे घेता?"

मी काही बोललो नाही. मुलानेच गप्पकन खिशात हात घातला आणि घडी घातलेल्या नोटा काढल्या. सुट्टीत कुठेतरी काम करून साठवल्या असाव्यात. त्या दिवशी मी त्याला वाद्याला हात लावू दिला नाही. वडिलांच्या देखत त्याच्याकडून त्या नोटा दोनदा मोजून घेतल्या, पावती लिहिली, आणि ती नीट जपून ठेव म्हणून सांगितले.