आंबटाची कैफियत

वाइनची शिफारस करणाऱ्यांचा एक नवा भिक्षुकवर्ग आपल्याकडे तयार झाला आहे. पेला दोन बोटांत धरून गरगर फिरवायचा, त्यात नाक खुपसायचे, डोळे मिटायचे आणि मग समाधी उतरल्यासारखे डोळे उघडून गंभीरपणे सांगायचे, "हिला अंग आहे!" असा त्यांचा नित्यविधी. विधीला माझी हरकत नाही. ज्याने त्याने आपली संध्या आपल्या रीतीने करावी. हरकत आहे ती शेवटी हातावर पडणाऱ्या तीर्थाला. ते दर वेळी एकाच प्रकारचे असते. काळपट तांबडे, दाट, गोडसर, ओकच्या लाकडाचा नि व्हॅनिलाचा वास असलेले, साडेचौदा-पंधरा टक्के मद्यार्काचे. उलट एखादी फिकी, हलकी, जिभेला किंचित चावा घेणारी बाटली पुढे आली की हेच पंडित ओठ दुमडतात आणि म्हणतात, "पातळ आहे. आंबट आहे. थंड मुलखातली ना! पिकलीच नाही बिचारी."

या बिचारीचे वकीलपत्र मी घेतले आहे.

दिवाळी अंक घरातल्या सगळ्यांच्या हाती पडतो हे मला ठाऊक आहे. ज्या घरी हा पदार्थ वर्ज्य आहे त्यांनी तो खुशाल वर्ज्य ठेवावा. कोणाचा नेम मोडावा म्हणून मी लेखणी उचललेली नाही. पण हे भांडण चवीचे आहे आणि चवीच्या भांडणात न पिणाऱ्यालाही बोलण्याचा हक्क आहे. ज्या घरात आमसुलाचे सार होते, चैत्रात कैरीचे पन्हे होते, चिंच नसेल तर आमटी चढत नाही, त्या घरातल्या माणसाने 'आंबट म्हणजे कच्चे' हा सिद्धांत मुकाट्याने ऐकून घ्यावा, हे मला तरी पटत नाही.

आधी द्राक्षाचे काय होते ते पाहू. द्राक्ष पिकू लागले की त्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. द्राक्षात आम्ले मुख्यतः दोन. एक टार्टारिक, जे आपल्या चिंचेत असते. दुसरे मॅलिक, जे हिरव्या सफरचंदात असते. पहिले उन्हाला फारसे दाद देत नाही. दुसरे मात्र उष्णतेत द्राक्ष स्वतःच खर्चून टाकते. रात्र थंड असली की हा खर्च थांबतो. साखरेचा पुढे किण्वनात मद्यार्क होतो. म्हणजे उष्ण मुलखात साखर भराभर चढणार, मद्यार्क वाढणार आणि आंबटपणा ओसरणार. थंड मुलखात फळ आठवडेच्या आठवडे वेलीवर रेंगाळणार, सुगंध सावकाश साठवणार आणि आपली आंबट धार शाबूत ठेवून घरी येणार. ही धार म्हणजे काही कमतरता नव्हे. सतारीच्या तारेला जसा ताण असतो तसा हा वाइनचा ताण आहे. तो उतरला की उरतो तो गोडसर काढा.

जर्मनीतल्या मोझेल नदीचे काठ पाहा. अक्षांश पन्नासच्या आसपास. याहून उत्तरेला द्राक्षाने धजावू नये असा जुन्या लोकांचा समज होता. तिथे शेतकऱ्याने वेली लावल्या त्या नदीवर कोसळणाऱ्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर. जमीन पाटीच्या दगडाची. हा काळा दगड दिवसा ऊन पितो आणि रात्री मुळांना ऊब देतो. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा मळा तर इतका उभा आहे की काही ठिकाणी त्याचा चढ पासष्ट अंशांपर्यंत जातो. तिथे ट्रॅक्टर जात नाही. माणूस जातो, पाठीवर पाटी घेऊन, आणि अलीकडे एका रुळावर चालणारी लहानशी गाडी जाते. अशा जागी रीसलिंग या जातीचे पांढरे द्राक्ष होते. या नावाचा उल्लेख १४३५ सालच्या एका हिशेबाच्या नोंदीत सापडतो. म्हणजे आपल्याकडे बहामनी सुलतान राज्य करीत होते तेव्हापासूनची ही वहिवाट. त्यातून निघणाऱ्या हलक्या वाइनमध्ये मद्यार्क कधी कधी अवघा आठ टक्के असतो आणि तरीही ती बाटली वीस-वीस वर्षे टिकते. कशाच्या बळावर? त्याच आंबटपणाच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऱ्हाइन-मोझेलच्या निवडक बाटल्या फ्रान्समधल्या नामवंत बोर्दोच्या बरोबरीने, प्रसंगी चढ्या भावाने विकल्या जात होत्या. तेव्हा या पंडितांच्या आजोबांना ती 'पातळ' लागत नव्हती.

मग बिघडले कुठे? बिघडले ते गुण देण्यात. १९७८ साली अमेरिकेत रॉबर्ट पार्कर नावाच्या वकिलाने वाइनचे एक पत्रक काढले आणि शाळेतल्या पेपरासारखे प्रत्येक बाटलीला शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली. त्यातले पन्नास नुसते हजर राहिल्याबद्दल! माणूस प्रामाणिक होता. विक्रेत्यांच्या मिंध्या समीक्षकांच्या काळात त्याने जाहिराती नाकारल्या, हे श्रेय त्याचे त्याला दिलेच पाहिजे. पण त्याच्या जिभेचा ओढा दाट, पिकलेल्या, भारदस्त वाइनकडे होता, आणि गुणांचा आकडा इतका सोपा की दुकानदाराने वाचणेच सोडून दिले. नव्वदच्या वर असेल तर फळीवर, खाली असेल तर तळघरात. आपल्याकडे दहावीच्या टक्क्यांनी पोरांचे जे होते तेच बाटल्यांचे झाले.

आणि हे गुण दिले कसे जातात? सकाळी परीक्षक बसतात, पुढे पेल्यांची रांग, एकेक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा, आकडा लिहायचा, पुढे सरकायचे. चाळीस गवयांना एकामागून एक दोन दोन मिनिटे गायला लावा. दुपारपर्यंत तुमच्या ध्यानात राहील तो, जो सर्वांत मोठ्याने ओरडला. सावकाश आलाप घेणारा बिचारा पहिल्या फेरीत बाद. थंड मुलखातली वाइन ही आलाप घेणारी असते. ती जेवणाबरोबर, दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला उलगडते. थुंकणाऱ्याला ती कळायची कशी?

बरे, हे परीक्षक स्वतः किती भरवशाचे? रॉबर्ट हॉजसन हे स्वतः वाइन करणारे गृहस्थ. कॅलिफोर्नियाच्या राज्यमेळाव्यातल्या स्पर्धेत त्यांनी २००५ पासून चार वर्षे एक साधी युक्ती केली. एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांना न सांगता तीन वेळा दिली. दहांपैकी एखाद्यालाच तिन्ही वेळा साधारण सारखे गुण देता आले. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी तर आणखी थट्टा केली. वाइनशास्त्र शिकणाऱ्या चोपन्न विद्यार्थ्यांपुढे त्यांनी पांढरी वाइन बेचव रंगाने तांबडी करून ठेवली, आणि विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या ठेवणीतल्या शब्दांत केले. नाक डोळ्यांच्या हुकमाने चालत होते. या विद्यार्थ्यांना हसू नका. मीही तिथे असतो तर तेच लिहिले असते. माझे म्हणणे एवढेच की ज्याच्या डोळ्यांवर दाट तांबड्या रंगाचा पगडा आहे त्याने फिक्या वाइनवर निकाल देऊ नये. बर्गंडीचे पिनो न्वार हे पातळ सालीचे द्राक्ष. त्याची तांबडी वाइन पुष्कळदा कोकम सरबताएवढीच लाल असते. रंगावरून जो तिला नापास करतो तो मुलीचा रंग पाहून लग्न मोडणाऱ्या जुन्या सासऱ्याच्या जातीचा.

नाकांचीही एक गंमत सांगतो. थंड जागेतल्या सिरा जातीच्या तांबड्या वाइनला काळ्या मिरीचा वास येतो. ही कविकल्पना नव्हे. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की मिरीत आणि या द्राक्षात वासाचे एकच द्रव्य असते, रोटंडोन नावाचे. त्याच संशोधनात असेही निघाले की पाचांतल्या एका माणसाला हा वास येतच नाही. आता बोला! ज्या शिफारशीवर तुम्ही महिन्याच्या किराण्याएवढे पैसे उधळता ती करणारा हा पाचवा माणूस नसेल कशावरून?

दाटपणाच्या या हावेने काय काय घडवले तेही पाहा. १९७१ साली जर्मनीने वाइनचा नवा कायदा केला आणि दर्जाची पायरी ठरवली ती द्राक्षरसातल्या साखरेवर. हजारो लहान मळ्यांची नावे पुसून त्यांना मोठमोठ्या सामाईक नावांखाली ढकलले. पीस्पोर्ट गावाचा गोल्डट्रॉप्फशेन हा उतारावरचा नामांकित मळा. पण 'पीस्पोर्टर मिशेल्सबर्ग' असे नाव लावून दूरच्या सपाट जमिनीवरची गुळमट वाइनही त्याच गावाच्या पुण्याईवर खपू लागली. २०२१ मध्ये कायदा सुधारून मूळ गावाला नि मळ्याला पुन्हा मान देण्यास सुरुवात झाली, पण मधल्या पन्नास वर्षांत नावाची नासाडी व्हायची ती झाली. ऑस्ट्रियात तर कहर झाला. पातळ वाइन गोड नि भरदार लागावी म्हणून काही व्यापाऱ्यांनी तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन घातले. १९८५ साली ते उघडकीस आले आणि त्या देशाची निर्यात एका रात्रीत कोसळली. त्यांच्या पश्चात्तापाचे फळ मात्र चांगले निघाले. कडक कायदा झाला आणि तिथले शेतकरी सडसडीत, कोरड्या पांढऱ्या वाइनकडे वळले.

थंड मुलखाचे सगळेच सोवळे, असे मी म्हणत नाही. साखर कमी पडली की ती पोत्यातून ओतण्याची विद्या थंड फ्रान्सचीच. नेपोलियनचा मंत्री शाप्ताल याचे नाव तिला चिकटले आहे. जुन्या काळी कित्येक वर्षी मोझेलचे द्राक्ष धड पिकत नसे आणि ती वाइन दात आंबवी. पण उष्ण मुलखातही टार्टारिक आम्लाची पांढरी भुकटी पोत्यातूनच येते. दोघांनाही शेवटी दुसऱ्याकडचे काहीतरी हवे असते. मग शिफारशीच्या वेळी एकालाच 'भरदार' आणि दुसऱ्याला 'अपुरी' का म्हणायचे?

हे सगळे चवीचे लाड आहेत, यात जिवाला लागण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. त्याने एकदा त्या उभ्या उतारांचा हिशेब करावा. सपाट मळ्यात यंत्र एका दिवसात जे उरकते त्यासाठी तिथे माणसांना कित्येक पट खपावे लागते. जुन्या पद्धतीत एकेका वेलीला स्वतंत्र खुंट, आणि तिच्या फांद्या वाकवून हृदयाच्या आकारात बांधायच्या. बाटलीला भाव आला नाही तर मुलगा शहरात नोकरीला जातो, आणि दोन वर्षांत उतारावर काटेरी झुडपे माजतात. मोझेलचे मळे गेल्या काही दशकांत असेच आकसत आले आहेत. कोकणात ओस पडलेली मळ्यांची कुंपणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

शिवाय आता थंडीच महाग होत चालली आहे. बर्गंडीतल्या बोन गावात द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ सालापासून जुळवता येतात. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या आसपास सुरू होई; १९८८ पासून ती सुमारे तेरा दिवस आधी येऊ लागली. जर्मनीत गोठलेल्या द्राक्षांची जी गोड वाइन करतात तिला उणे सात अंशांची थंडी लागते. २०१९-२० च्या हिवाळ्यात ती थंडी देशभर कुठल्याच मळ्यावर पडली नाही आणि त्या वर्षीची बर्फवाइन झालीच नाही. वेल लवकर फुटते म्हणून उशिराच्या हिमाचा धोका मात्र टळलेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधल्या मळ्यांत रात्ररात्र मेणाच्या शेगड्या पेटवून कोंब वाचवावे लागले. दाट नि तापट वाइन जगाला यापुढे आपोआपच भरपूर मिळणार आहे. तिच्यासाठी भाटांची गरज काय?

आता शिफारस. माझी गुणांची वही नाही. मी ताटाकडे बघून बोलतो. तिखट जेवणाबरोबर पंधरा टक्क्यांची तांबडी वाइन सांगणाऱ्याचा सल्ला ऐकूच नका. मद्यार्क तिखटाची आग भडकवतो. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यावर ती ओतणे म्हणजे चुलीत रॉकेल ओतणे. तिथे मोझेलची आठ-नऊ टक्क्यांची, किंचित गोडीची रीसलिंग घ्या. बाटलीवर 'काबिनेट' हा शब्द पाहा. आवळा खाऊन पाणी प्यावे तशी गोडी ती मागाहून देते. कोकम घातलेल्या बांगड्याच्या कालवणाशीही तिचे सूत जुळते. तळलेले बोंबील किंवा तिसऱ्या असतील तर शाब्ली, बर्गंडीच्या उत्तर टोकाची शार्दोने. तिच्या मळ्यांच्या चुनखडीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कालवांचे शिंपले दडलेले आहेत, तेव्हा तिचे नि मालवणचे नाते तसे जुनेच. भरल्या वांग्यांना पिनो न्वार द्यावी. ल्वार नदीकाठच्या काबर्ने फ्रांला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. पंडित त्याला दोष म्हणतात, मला झुणक्याजवळ तो अगदी घरचा वाटतो.

परदेशी बाटली करांमुळे परवडत नसेल, तर नाशिक आहेच. नाशिक काही थंड मुलूख नव्हे. पण तिथे पावसानंतर छाटणी होते आणि फळ हिवाळ्याच्या गार रात्रींत वाढते. तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. ऊन तापण्याआधी तोडलेल्या सोव्हिन्यों ब्लां नि शेनँ ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये ती धार बऱ्यापैकी सापडते. लेबलावरचे साल मात्र ताजे पाहून घ्या. शेतकऱ्याला 'आणखी दाट करा' म्हणून गळ घालणारा ग्राहक त्याचे नि आपले दोघांचेही नुकसान करतो.

एक शेवटची गोष्ट, कारण यात भले भले फसतात. 'तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी' हा नियम ज्या खोल्यांत जन्मला त्या युरोपातल्या दगडी, गारठलेल्या खोल्या होत्या, सोळा-सतरा अंशांच्या. एका बड्या हॉटेलात मला बत्तीस अंशांच्या मुंबईत हाच नियम पाळून पिनो न्वार वाढण्यात आली. ती चहाच्या पंगतीला शोभली असती. बादलीभर बर्फाच्या पाण्यात तांबडी बाटली वीस मिनिटे बुडवून ठेवा, पांढरी त्याच्या दुप्पट. शेजारी उभा असलेला वाढपी हसला तर हसू द्या.