कालव्याचा काठ सायकलीला द्या

पैठणला सायकलने यायचे ठरवले तर हमरस्त्याला पर्याय नाही. गळीत हंगामात त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, एरवी हायवा आणि काळी-पिवळ्या. सायकलवाल्याच्या वाट्याला येते ती डांबराची खचलेली कड. रस्ता रुंद केला की सगळे सुरळीत होईल, असे प्रत्येक निवडणुकीत ऐकायला मिळते. रुंद रस्त्यावर गाड्या आणखी सुसाट धावतात, हे मात्र कोणी बोलत नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली.

दुसरी वाट पैठणच्या उशाशीच आहे. नाथसागरातून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, उजवा १३२ किलोमीटर. एक परभणीच्या दिशेने जातो, दुसरा बीड जिल्ह्यातून माजलगावच्या जलाशयापर्यंत. एवढ्या मोठ्या कालव्याच्या काठाने देखभालीसाठी रस्ता ठेवावाच लागतो. तो सरकारी हद्दीत असतो, म्हणजे भूसंपादन नाही, मावेजा नाही, कोर्टकचेरी नाही. आणि पाणी उताराने वाहते ठेवायचे म्हणून कालव्याला किलोमीटरमागे काही इंचांचाच उतार दिलेला असतो. सायकलीला याहून सपाट वाट अभियंत्यांनी मुद्दाम आखली असती तरी मिळाली नसती.

पाटकरी पिढ्यान्‌पिढ्या अशाच काठांवरून सायकल दामटत आले. तेव्हा काठावर सायकल चालते की नाही, हा प्रश्नच नाही. तिला तिथे हक्काने चालू देणार की नाही, एवढाच वाद आहे.

इंग्लंडमधल्या बाथ या गावाने हा वाद चाळीस वर्षांपूर्वी निकाली काढला. बाथही पैठणसारखे प्राचीन. पहिल्या शतकात पैठणचा माल बैलगाड्यांतून भडोच बंदराकडे जात होता, तशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. त्याच शतकात रोमन लोक बाथच्या गरम झऱ्यांवर देऊळ आणि स्नानगृहे बांधत होते. या गावातून ब्रिस्टॉलला जाणारी एक जुनी रेल्वे १९६०च्या दशकात प्रवाशांसाठी बंद पडली, पुढे मालगाड्याही थांबल्या. रूळ उखडले गेले, मोकळा पट्टा झुडपांनी भरला. १९७७मध्ये ब्रिस्टॉलच्या काही सायकलवेड्यांनी ‘सायकलबॅग’ नावाचा गट काढला. जॉन ग्रिमशॉ या स्थापत्य अभियंत्याच्या पुढाकाराने त्यांनी १९७९मध्ये बाथ ते बिटन हा पहिला तुकडा स्वतः राबून तयार केला. काँक्रीट नाही, टाइल्स नाहीत. दगडाची बारीक भुकटी पसरून दाबलेली. १९८६पर्यंत सगळा २१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. त्याच गटातून ‘सस्ट्रान्स’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे तिने देशभर सायकलमार्गांचे जाळे विणले.

बाथच्या दुसऱ्या अंगाला जुन्या रेल्वेचेच दोन बोगदे २०१३मध्ये सायकलींना खुले झाले. त्यातला कूम डाउनचा बोगदा १,६७२ मीटरचा, म्हणजे डोंगराच्या पोटातून दीड किलोमीटरहून लांब सायकलप्रवास. पण पैठणने डोळे उघडून पाहावा तो तिथला कालवा. केनेट-एव्हन कालवा १८१०मध्ये पूर्ण झाला. काठावरची वाट होती नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी. रेल्वे आली, घोडे गेले, कालवाही मोडकळीला आला. स्वयंसेवकांनी तो अनेक वर्षे खपून सावरला आणि १९९०मध्ये तो पुन्हा सुरू झाला. या काठावरून सायकल न्यायला एके काळी कालवाखात्याचा परवाना लागत असे. आज बाथहून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंत माणसे दगडी जलसेतूंवरून, कुरणांच्या कडेने, मोटारीचा हॉर्न न ऐकता जातात. परवाना मागणाऱ्या खात्याची मानसिकता बदलू शकते, याचा एवढा पुरावा पुरे.

तिकडे सगळे गोडीगुलाबीने झाले असेही नाही. अरुंद काठावर पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्यात कुरबुरी चालतातच. २००८मध्ये तर बाथ-ब्रिस्टॉल मार्गाचा काही भाग जलद बससाठी वापरायची योजना आली. हजारो सह्यांचे निवेदन गेले आणि ती गुंडाळावी लागली. मोकळी जागा दिसली की मोटारीला तिथे घुसवायची हौस सगळ्याच देशांतल्या नियोजनकारांना असते.

पैठणच्या बाबतीत आक्षेप येतील, आणि त्यातले काही खरे आहेत. पहिला मोटारसायकलींचा: काठ चांगला झाला की त्याच आधी भरधाव सुटतील. म्हणून तोंडाशी खांब हवेत. पण ते रोवतानाही अक्कल लागते. सस्ट्रान्सने २०१८मध्ये आपल्याच मार्गांची तपासणी केली, तेव्हा सोळा हजारांहून अधिक अडथळे निघाले; अपंगांच्या तीनचाकी त्यातल्या कित्येकांत अडत. इथेही आडवे-तिडवे फाटक ठोकून मोकळे होऊ नये. दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा, आणि तो सगळ्यात रास्त आहे. काठालगतच्या रानात बैलगाडी कशी न्यायची? ती नेऊ द्यावी. बैलगाडीने सायकलवाला चिरडल्याचे कोणी ऐकले नाही. ट्रॅक्टरला जिथे दुसरी वाटच नाही, तिथे तेवढ्या तुकड्यावर मुभा ठेवावी. तिसरा आक्षेप पाण्यात पडण्याचा. आवर्तन सुरू असताना कालवा खोल आणि ओढीचा असतो, हे खेड्यातल्या आईला कोणी शिकवायला नको. पूल, वळणे आणि दरवाजे इथे कठडा आणि काठापासून हातभर आत सरकवलेली वाट, यावर तडजोड होऊ शकत नाही.

उरतात बाभळीचे काटे. त्यावर कोणत्याही आराखड्यात उपाय सापडत नाही. काठावरची काटेरी झुडपे वरचेवर तोडत राहणे एवढाच तो आहे. झाडे लावायची ती भरावावर नकोत, मुळांनी भराव पोखरतो. बाहेरच्या पायथ्याला कडुलिंब लावावेत. मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये सावलीशिवाय सायकलमार्ग म्हणजे शिक्षाच. काळ्या मातीत पावसाळ्यात चाक फिरत नाही, तेव्हा मुरूम टाकून रोलर फिरवणे आलेच.

पर्यटन आराखडा म्हटला की इकडे कमान, कारंजे, पेव्हर ब्लॉक आणि वाहनतळ सुचतात. पाहुणा नाथांच्या समाधीला हात जोडतो, पैठणीचा माग पाहतो, गाडीत बसतो आणि जातो. सायकलवरचा पाहुणा वाटेतल्या गावात चहा पितो, कणीस घेतो, मुक्काम करतो. पण ही मागणी पाहुण्यासाठी नंतर, आधी इथल्या माणसांसाठी आहे. मानव विकास कार्यक्रमातून सरकार मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली देते. सायकल दिली आणि मुलीला ट्रॉल्यांच्या गर्दीत सोडून दिले, याला योजना म्हणायचे का? काठावरची गावे शाळेला, बाजाराला याच वाटेने जोडता येतील. नाथषष्ठीला पायी येणाऱ्या दिंड्यांचीही हमरस्त्यावरची फरफट थोडी कमी होईल.

सुरुवात डाव्या कालव्याच्या पैठणजवळच्या पहिल्या १५ किलोमीटरपासून करावी. जलसंपदा विभागाने आदेश काढून हा काठ सायकल, पादचारी आणि बैलगाडीसाठी खुला करावा, मोटारींना बंद करावा. कालवा बंद असेल त्या काळात मुरूम आणि कठड्यांचे काम उरकावे. निगेची जबाबदारी कोणाची, हे त्याच आदेशात लिहावे. २०१६मध्ये गाजावाजा करून उघडलेल्या २०७ किलोमीटरच्या इटावा-आग्रा सायकल महामार्गाची पुढे हेळसांड झाली ती निगेअभावीच. काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत कार्यकारी अभियंत्याकडे पोच घेऊन द्यावी. पोचेवर तारीख आणि शिक्का आहे ना, हे पाहूनच कचेरीतून बाहेर पडावे.