वेदी अजून वेगळी का?

मनुष्य देवासमोर नीतिमान कसा ठरतो, ह्या प्रश्नावरून सोळाव्या शतकात पाश्चात्त्य ख्रिस्तसभा दुभंगली. दि. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी त्याच प्रश्नावरील संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तारण आपल्या पुण्याईने नव्हे, तर केवळ देवाच्या कृपेने लाभते आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांकडे नेते, हे उभयतांनी मान्य केले. २००६ साली मेथडिस्ट व २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात सामील झाल्या.

मग आपण एकाच वेदीजवळ का जात नाही? कारण ख्रिस्तसभा व धर्मगुरुपद ह्यांविषयीचा मतभेद उरला आहे. ख्रिस्तप्रसादात प्रभू खरोखर उपस्थित असतो, असे ल्यूथरन बांधवही मानतात. परंतु त्यासाठी प्रेषितांपासून अखंड चालत आलेली गुरुदीक्षा आवश्यक आहे, अशी आपली श्रद्धा आहे.

ह्या भेदाची झळ मिश्रविवाहित दांपत्यांना दर रविवारी लागते. २०१६ साली स्वीडनमधील लुंड येथे दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी ल्यूथरन नेत्यांसमवेत त्यांच्या वेदनेची जाहीर दखल घेतली. आपल्या धर्मग्रामातही अशी कुटुंबे असतील, तर त्यांना परके लेखू नये, असे आम्हांस वाटते. वेदी वेगळी असली तरी स्नानसंस्कार एकच आहे.